मापाचा माणूस

माझ्या मोबाइलमध्ये माणसांपेक्षा पूल जास्त आहेत. लेक हसते मला. मागे सहस्रकुंडाला गेलो होतो, तर सगळे धबधब्याकडे पाठ करून आपापले फोटो काढत होते आणि मी इस्लापूरजवळ गाडी थांबवायला लावून एका साध्यासुध्या पुलाचा कठडा टिपत बसले. "आई, पुलात काय बघायचं असतं गं एवढं?" लेक म्हणाली. "पूल बघायचा असतो," मी म्हणाले. दुसरं उत्तर मला तरी कुठं ठाऊक होतं? बिलोलीला लग्नाला गेले तरी तेच, हदगावला कुणाला भेटायला गेले तरी तेच. गाडी पुलावर आली की माझा हात आपोआप पिशवीत जातो.

परवा मात्र मी एका पुलाखालीच उतरले. उदगीरच्या वाटेवरचा, तीन कमानींचा, निजामाच्या काळातला दगडी पूल. साठी उलटलेली बाई पदर खोचून कोरड्या ओढ्यात उभी, हातात पोस्टकार्डाएवढा पिवळा पडलेला फोटो, आणि एकदा फोटोकडे, एकदा कमानीकडे बघून राहिलेली. वरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला. "मावशी, काही पडलं का?" म्हणाला. "हाव," मी म्हणाले. तो दोन मिनिटं वरूनच शोधू लागला बिचारा आणि मग निघून गेला.

काय पडलं ते सांगायला पहिल्यापासून सांगावं लागेल.

आमच्या घरात, नांदेडला, समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. बाबा जाऊन पस्तीस वर्षं झाली, तेवढी वर्षं तो तिथंच आहे. माय माझ्याकडेच राहते. रोज आंघोळ झाली की स्टुलावर चढायची, फोटोच्या कपाळाला गंध लावायची, हार बदलायची. आता तिचं चढणं बंद झालंय, तर मला चढवते आणि खालून सांगते, "मधोमध लाव. वाकडं लावू नको." फोटोत बाबा काळा कोट घालून उभे आहेत, डोक्याला टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. कुणी विद्वान माणूस वाटावा असे. बाबा विद्वान नव्हते. त्यांचं फोटोचं दुकान होतं, आणि ते पुस्तक म्हणजे मुळात पाटी होती. काठी म्हणजे सरकारी मापाची, लाल-पांढरे पट्टे ओढलेली. बाबा गेल्यावर ज्याच्याकडून फोटो मोठा करून घेतला त्यानं ब्रशनं रंगवताना पाटीचं पुस्तक केलं, पट्टे बुजवून साधी काठी केली, डोळे आपल्या मनानं काढले. तेव्हा तशीच पद्धत होती. मायला फोटो लई आवडला. "डोळे जरा मोठे झाले," एवढंच म्हणाली.

बाकी चेहरा दिसेल असा एकही फोटो नाही बाबांचा. फोटोवाल्याच्या घरात ही गत! होते ते दुकानात होते, आणि एका वर्षी गोदावरीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा सगळ्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून विटेसारख्या घट्ट झाल्या. वाचले ते घरातल्या पेटीतले चार फोटो. चारही पुलांचे.

तो पुलांचा उन्हाळा होता. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस आमच्यावर रुसला होता. जिल्हा नवा म्हणजे सगळंच नवं. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, रस्त्यांचे आकडेसुद्धा नवे. कुठल्या रस्त्यावर किती पूल, किती मोऱ्या, कुणाच्या कमानीला तडा, याचं नवं दफ्तर करायचं होतं, आणि प्रत्येक पुलाचा फोटो त्याला जोडायचा होता. ते काम बाबांना मिळालं. केवढा आनंद झाला त्यांना! सरकारी काम म्हणून त्यांनी पेटीतून लग्नातला काळा कोट काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास झटकला आणि भर मे महिन्यात अंगात चढवला. मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजला सुट्टी. मला बरोबर घेतलं.

बांधकाम खात्याच्या साहेबांनी सांगितलं होतं की पूल केवढा आहे ते कळायला फोटोत खाली एक माणूस उभा पाहिजे, हातात काठी आणि पुलाच्या नंबराची पाटी घेऊन. त्याला मापाचा माणूस म्हणायचे. आणि तो सगळ्या फोटोंत एकच पाहिजे, कपडेसुद्धा तेच, म्हणजे दफ्तरात घोळ नको. माणूस काही कचेरीनं दिला नाही. सरकारी फोटोत पोरगी कशी उभी करायची, असं बाबांना वाटलं. मग बाबा तिकाटण्यावर कॅमेरा लावायचे, सगळं जुळवायचे, मला म्हणायचे, "मी हात वर केला की दाब," आणि स्वतः खाली उतरून कमानीशी उभे राहायचे. दफ्तरात त्यांची उंचीही लिहून घेतली होती, पाच फूट दोन इंच. माझीही तेवढीच. दुकानाच्या चौकटीला मला पाठ लावून उभं करून बाबा म्हणाले होते, "झाली बघ माझ्याएवढी. आता माझे कपडे चोरशील." आणि स्वतःच हसले होते.

फिरायला खात्याची जीप होती आणि जीपचा ड्रायव्हर मलप्पा. उदगीरकडचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि उंच. बाबांना तो 'मास्तर' म्हणायचा, मला 'अक्का'. जीप बंद पडली की कानडीत चिडायचा आणि चालू झाली की मराठीत हसायचा. त्याची भाकरी आणि शेंगाची चटणी एका फडक्यात, आमची दुसऱ्या फडक्यात, पण पुलाखालच्या सावलीत बसलो की दोन्ही फडकी एकच व्हायची. तापलेल्या रेक्झिनचा वास, डिझेलचा वास, कडुलिंबाचा मोहोर. पुलाच्या पोटात पारवे घुमायचे. बाहेर पांढरं ऊन आणि आत जुन्या माठासारखा गारवा. मला वाटायचं, हे काम असंच चालू राहावं, लातूरनंतर आणखी कुठला तरी जिल्हा नवा व्हावा.

पाणी मात्र एकाही पुलाखाली नव्हतं. वाळूत झिरे खणलेले, आणि त्यात वाकून बाया वाटीवाटीनं घागर भरायच्या. फोटोच्या वेळी बाबा त्यांना बाजूला व्हा म्हणायचे नाहीत. "भरू द्या, आम्ही थांबतो," म्हणायचे. एक घागर भरायला तास. आम्ही तासभर थांबायचो. मलप्पा चिडायचा, "मास्तर, असं केलं तर दिवसाला दोनच पूल होतात!" बाबा कोटाची गुंडी लावत म्हणायचे, "पूल कुठं पळून चाललाय का?"

रात्री नांदेडला आलो की फोटो धुणं, आणि तिथं मायचं भांडण. फोटो पक्का करायचं औषध असतं, हायपो, त्याच्या आंबूस वासात मी लहानाची मोठी झाले. ते औषध कागदावरून पुरतं धुऊन काढायला वाहतं पाणी लागतं, भरपूर. आणि आमच्या गल्लीत तर पाण्याच्या टँकरपुढं हाणामाऱ्या होत होत्या. "लेकराला प्यायला न्हाई आन् पुलाला आंघोळ घालता व्हय?" माय म्हणायची. ओरडायची, भांडी आपटायची आणि मग आपल्या आंघोळीची बादली गुपचूप बाबांच्या खोलीत सरकवून द्यायची. त्या उन्हाळ्यात ती आठवड्यातून दोनदाच न्हायली असेल. तरी फोटो नीट धुतले गेले नाहीतच. म्हणून ते सगळे लवकर पिवळे पडले. लोकांच्या घरी असलेले इतर वर्षांचे फोटो अजून पांढरे आहेत, दुष्काळातले तेवढे पिवळे. माझ्या हातातलाही तसलाच होता.

आता पडलं काय ते सांगते.

गेल्या महिन्यात मायनं सांगितलं, "बाबाच्या फोटोला बुरशी लागून राहिलीय. नीट करून आण, मी हाय तवर." मी फोटो खाली काढला आणि फ्रेमच्या दुकानात दिला. दुकानदार पोरगा चांगला. त्यानं मागची पुठ्ठ्याची पाठ काढली, तर आत मूळचा छोटा फोटो निघाला. त्या काळच्या फ्रेमवाल्यानं हरवू नये म्हणून मागे सरकवून ठेवला असणार. कसरीनं खालचा कोपरा खाल्लेला. पाठीवर बाबांच्या पेन्सिलीचे आकडे, १४/२. चौदाव्या किलोमीटरवरचा दुसरा पूल. रस्त्याचं नावही होतं. छोट्या फोटोत रंग नव्हता, ब्रश नव्हता, म्हणून मला दिसलं. कोटाच्या बाह्या आखूड होत्या. मनगट चार बोटं बाहेर.

तिथंच स्टुलावर बसले मी. कारण एक दिवस असा होता, की तो मी पस्तीस वर्षं आठवायचा नाही असं ठरवून ठेवला होता.

त्या दिवशी बाबांना ऊन लागलं. कोटच कारण, दुसरं काय. ते चालता चालता बसले, मग आडवे झाले. मलप्पानं त्यांना कडुलिंबाखाली नेलं, कोट काढला, कांदा फोडून हुंगायला दिला, प्यायचं पाणी डोक्यावर ओतलं. मी रडत होते. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "चौदा-दोन राहिला. ऊन उतरायच्या आत घे." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "अगं घे. मी काय मरून राहिलो का?" तेव्हा मलप्पानं बाबांचा कोट अंगात घातला, टोपी घातली, काठी-पाटी उचलली. "अक्का, माप एकच पाहिजे ना? लाव तिकडं कॅमेरा," म्हणाला, आणि तापलेल्या दगडांवर जाऊन उभा राहिला. कपडे तेच असले की माणूस तोच, असं आम्ही तिघांनीही धरून टाकलं.

पण तो हा फोटो होता का? आठवेना. कधी वाटे, हाच. कधी वाटे, नाही, मलप्पाचा फोटो दुसऱ्या पुलावर घेतला, त्याला लोखंडी कठडे होते. पुढं आठ-नऊ वर्षांनी बाबा गेले तेव्हा मायनं त्या चारांतून हा फोटो उचलला तो कोटावरून. बाकी तिन्हींत बाबा नखाएवढे. ह्यात पूल लहान म्हणून माणूस मोठा दिसत होता. "हेच! माझ्या लग्नातला कोट हाय," म्हणाली आणि छातीशी धरून रडली. मी काय बोलणार होते? मी गप्प राहिले. मग पहिला हार पडला, मग वर्षश्राद्ध झालं, आणि गप्प राहायची सवय लागली. पण तेव्हापासून पूल दिसला की मी थांबते, हे आत्ता लिहिताना कळतंय मला.

म्हणून परवा मी उदगीरच्या वाटेला लागले. तिथंही घोळ. चौदावा दगड गाठला तर तिथं सिमेंटचा नवा पूल. अर्धा तास मी त्याच्याकडे बघत राहिले, बाबांचा पूल पाडला म्हणून डोळ्यांत पाणीही आणलं. मग हॉटेलातल्या एका म्हाताऱ्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "ह्यो इथला न्हाई. जिल्हा झाल्यावर दोन-चार वर्सांनी दगड हलले समदे. पयलं शून्य तिकडं होतं, मग इकडं आलं. तुमचा पूल म्होरं हाय." म्हणजे रडणंही चुकीच्या पुलावर झालं.

खरा पूल सात किलोमीटर पुढे निघाला. कडुलिंब नव्हता, पण कमानी त्याच. कमानीच्या तळाला फरसबंदी होती, दगडात दगड बसवलेली, ती तशीच होती. वाळू इकडेतिकडे होईल, फरसबंदी कुठं जाते? फोटोतला माणूस जिथं उभा होता तिथं मी जाऊन उभी राहिले, मधल्या कमानीच्या डाव्या अंगाला, दगडांना पाठ लावून. शेळ्या घेऊन एक बाई ओढ्यातून चालली होती. तिला हाक मारली.

"बाई, जरा बघता का, माझं डोकं दगडाच्या कितव्या थराला लागतं?"

तिला वाटलं असेल, ही येडी झाली. पण आली, मोजलं. "पाचव्याच्या मधी हाय."

मी फोटो तिच्या पुढं धरला. "आणि ह्या माणसाचं?"

तिनं डोळे बारीक केले, बोटानं थर मोजले. "ह्यो सहाव्याला गेलाय की. तुमच्यापरीस वीतभर उंच हाय." मग फोटो परत देत म्हणाली, "कोन हाय? तुमचं मानूस?"

बाबांची आणि माझी उंची एकच. म्हातारपणी माणूस आखूडतं म्हणतात, तेही मनात येऊन गेलं. पण वीतभर? आणि त्या बाह्या? मी फरसबंदीवरच बसले. भिंतीवर बाबा नव्हते. कधीच नव्हते. बाबांचा चेहरा दाखवणारा एकही कागद आता जगात नव्हता, आणि ज्याला माय रोज गंध लावत होती तो जीपचा ड्रायव्हर होता. शेळीवाली बाई थोडा वेळ माझ्याशेजारी बसली. वर पारवे घुमत होते. मला इतका राग आला स्वतःचा! सतरा वर्षांची होते तेव्हाच म्हणायचं होतं, बाबा, तुम्ही सरळ कॅमेऱ्यासमोर बसा, मी तुमचा एक फोटो काढते. रोज तर हातात कॅमेरा होता.

परत येताना सारा रस्ता एकच विचार, मायला सांगायचं का? पंच्याऐंशीला आलेली बाई. सांगितलं तर पस्तीस वर्षांचं गंध तिच्या हातातून जाणार. नाही सांगितलं तर रोज स्टुलावर मीच चढणार, आणि मलाच ते कपाळ मधोमध शोधावं लागणार.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. पोरानं मोठा फोटो काचेतून, फ्रेममधून सोडवून टेबलावर ठेवला होता. आत कडेनं चार बोटं रुंद पुठ्ठ्याची चौकट होती, तीही काढली होती. "मॅडम, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "ह्या पुठ्ठ्याच्या खाली झाकलेलं होतं. कॉम्प्युटरवर पुसून टाकू का? चांगलं नाही दिसत."

खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं ब्रश पोचला नव्हता तिथं, काळे-पांढरे दोन पाय होते. आडव्या माणसाचे, घोट्यापर्यंत. झाडाची ठिपक्याठिपक्यांची सावली पडलेली, आणि शेजारी काढून ठेवलेल्या चपला. छोट्या फोटोत हाच कोपरा कसरीनं खाल्ला होता. मी रडत रडत कॅमेरा लावला होता त्या दिवशी, पुढं कोण झोपलंय ते बघायचं भान कुठलं मला?

"नको," मी ओरडलेच. "खबरदार पुसलं तर! पुठ्ठाही नको आता. सगळं दिसू दे."

घरी आणून फोटो मायच्या मांडीवर ठेवला. तिनं काचेवरून हात फिरवला, चष्मा लावला, भिंग मागितलं. कोट बघितला. मग भिंग हळूहळू खाली सरकत कोपऱ्यात आलं आणि तिथंच थांबलं.

"हे पाय तुझ्या बाबाचे हायत," माय म्हणाली. "हे बोट बघ, अंगठ्याच्या म्होरं गेलेलं. कामून निजलेत असे?"

"ऊन लागलं होतं."

"मंग ह्यो उभा कोन हाय?"

मी सगळं सांगितलं. मलप्पा, कोट, माप, १४/२, शेळीवाली बाई, सगळं. मायनं भिंग परत उभ्या माणसावर नेलं.

"म्हंजी पस्तीस वर्सं मी त्या डायवरला हार घातला?"

"हाव."

तिचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडतेय. हसत होती. पदर तोंडाला लावून, दात नसलेलं तोंड झाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "जिता हाय का त्यो?"

"ठाऊक न्हाई गं माय."

"जिता आसंल तर आयुष्य वाढलं आसंल त्याचं. मेल्याची खोटी बातमी झाली की वाढतं." तिनं भिंग बाजूला ठेवलं. "ऱ्हाऊ दे त्याला बी तिथंच. ह्यांच्या बदल्यात उन्हात उभा ऱ्हायला बिचारा."

मी फोटो उचलून जुन्या खिळ्याला टांगू लागले. आधी गंध लावून घ्यावं म्हणून वाटी घेतली, आणि हात नेहमीसारखा वर कपाळाकडे गेला. मागून मायचा आवाज आला, अगदी नेहमीचा, रागावलेला.

"तिथं नको. काढ त्यो फोटो आन् खिळा खाली मार. मला बसल्या जागंवरनं पायाला हात पुरला पायजे."